बाळंतिणीची खाट

कळंबला एका डॉक्टरीणबाईंच्या जुन्या घराचं संग्रहालय झालं आणि ते सांभाळायला गौहर लागली. वर्षभर ती त्या घरासाठी खपली. उन्हाळ्यात तिनं वाळवी हटवली, पावसाळ्यात भिंतींची ओल पुसली. पण बघायला कुणी फिरकत नव्हतं, आणि तिचा जीव खट्टू व्हायचा.

दिवाळीनंतर निरवांगीच्या कुशाबाई आल्या. बाळंतिणीच्या खाटेपाशी त्यांचे पाय थबकले.

"माझी दोन्ही पोरं हितंच झाली गं. जरा टेकू का?"

खाटेला हात लावायची मनाई होती. गौहरनं आडवी दोरी सोडली.

"टेका की आजी. खाट तुमचीच हाय."

कुशाबाई बसल्या आणि बाईंच्या आठवणी सांगत राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या सांगण्यावरून लासुर्ण्याच्या तिघीजणी आल्या. गौहरनं हसत चहाचं आधण वाढवलं.