सबटायटल्स बंद करणारे काका

शरदकाका टीव्हीसमोर बसले की आधी सबटायटल्स बंद करायचे. डीव्हीडी नेहमी तीच: गावोगाव पायी फिरणाऱ्या एका सामुराईचा जुना, कृष्णधवल जपानी चित्रपट. काकांना जपानीचा एक शब्द येत नव्हता. "वाचत बसलं की चेहरे निसटतात," म्हणायचे, आणि सगळ्यांचे संवाद स्वतःच मराठीत म्हणायचे. त्यांच्या मराठीत चित्रपटातली खाणावळवाली सामुराईला दटावायची, "पाय धुऊन आत या. आणि ती तलवार दाराशी ठेवा, पोरं घाबरतात!"

काका बर्मिंगहॅममधल्या हॉस्पिटलातून भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांच्या वरच्या खोलीत राहणारा विद्यार्थी, आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. सेमिनारमध्ये माझं तोंडच उघडत नसे, आणि प्रेझेंटेशनमध्ये नापास झालो असतो तर वर्ष गेलं असतं.

"काका, मला इंग्लिश जमत नाही."

"मराठीत तरी कुठे बोलतोस? आज सामुराई तू."

पडद्यावर दरोडेखोराने त्याला अडवलं. काका गरजले, "कोण रे तू?"

"मी... प्रवासी," मी घाईघाईने पुटपुटलो.

"अरे, त्याचे ओठ बघ, अजून मिटलेलेच आहेत! आधी श्वास घेतोय तो. तूही घे. आयुष्यभर लोकांचे श्वास बघितलेत मी. तेवढ्यात कुणी पळून जात नाही."

"अहो, त्याला चहा तरी पिऊ द्या," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "मग करा मारामारी."

प्रेझेंटेशनच्या दिवशी मी उभा राहिलो, श्वास घेतला आणि मग बोललो. दोन-तीन वाक्यं चुकली, पण पास झालो. घरी येऊन सांगितलं तर काकांनी एवढंच विचारलं, "सुरुवातीला गप्प होतास का?"

"हो. बराच वेळ."

"मग झालं तर."

पुढे काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी डीव्हीडी लावली, सबटायटल्स बंद केली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. त्या दिवशी खाणावळवाली मी, दरोडेखोर मी, दरोडेखोराचा घोडासुद्धा मीच. काकांचे खांदे हसून हसून हलत होते.

शेवटच्या लढतीत सामुराई आणि दरोडेखोर समोरासमोर उभे राहतात, कुणीच बोलत नाही. मला ती शांतता सोसेना. मी काहीबाही बोलत सुटलो. काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मी थांबलो. पडद्यावर नुसतं गवत हलत होतं, आणि शेजारी काकांचा खरखरता श्वास ऐकू येत होता. त्यांच्यासोबतचा तो माझा शेवटचा रविवार.

"संपला का रे?" आतून काकूंनी विचारलं.

मी श्वास घेतला.

"नाही, काकू. अजून आहे."