भुयारात पुढे जाणाऱ्याचं सामान

सोमवार, ५ जानेवारी २००९. दुपारी एक वाजून पाच मिनिटं. हिंजवडी, दुसरा मजला, टेस्टिंगची खोली. हजर: मी, टीमची लीड, वय त्रेचाळीस. सदाशिव पेठेतून स्कूटरवर येणारे एक गृहस्थ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. येरवड्याहून कंपनीच्या बसने येणारी मुलगी, सव्वीस वर्षांची. अमरावतीचा तरुण, एकतिशीचा, वाकडला भाड्याने राहणारा. खेळाची सीडी त्याने आणली. गैरहजर: कोणी नाही.

वरची नोंद त्याच दिवशीची आहे. कामाच्या वहीत मी प्रत्येक बैठकीची अशी नोंद ठेवते, आणि त्या दिवशी आमच्यापुढे दुसरी कुठली बैठकच नव्हती. परदेशातल्या ग्राहकाने नोव्हेंबरात प्रकल्प थांबवला होता. आम्ही चौघं बेंचवर होतो, म्हणजे कामावर होतो आणि काम नव्हतं. साडेनऊला कार्ड लावायचं, साडेसहाला पुन्हा लावायचं, मधला वेळ जागेवर दिसायचं. आमच्या मजल्यावरच्या दोन टीम डिसेंबरात घरी गेल्या होत्या. त्यांच्या खुर्च्या एका कोपऱ्यात एकात एक घालून ठेवल्या होत्या. तिकडे कोणी बघत नसे.

टेस्टिंगच्या खोलीत एक जुनं मशीन होतं, नेटवर्कला न जोडलेलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघं त्याच्यापुढे बसलो. खेळ म्हणजे धावाधावीचा असतो अशी माझी समजूत होती. हा तसा नव्हता. चार जणांची टोळी जमिनीखालच्या भुयारात उतरते. एक ढालवाला, एक तिरंदाज, एक कुलपं उघडणारी आणि एक वैद्य. एक कळ दाबली की एक पाऊल. पडद्यावर दिसतं ते फक्त समोरचं: दगडी भिंत, डावीकडे वळण, त्यापुढे काळोख. संगीत नाही. स्वतःच्या पावलांचा आवाज, आणि मशाल संपत आली की तिची फडफड. नियम कुठेच सांगितलेले नाहीत. मेलेला माणूस परत येत नाही, आणि झालेलं पाऊल मागे घेता येत नाही.

ढालवाला अमरावतीकराने घेतला, कारण खेळ त्याचा होता आणि पुढे कोणीतरी चालायला हवं होतं. तिरंदाज पेठेतल्या गृहस्थांनी घेतला. "मी लांबून मदत करीन," ते म्हणाले, "तेच माझं ऑफिसातलंही काम आहे." कुलपं मुलीकडे आली. माझ्याकडे वैद्य उरला.

अकरा मिनिटांत आम्ही चौघं मेलो. उंदरांनी मारलं. साधे उंदीर, सहा होते.

"मॅम, हे फुल डिप्रेसिंग आहे," मुलगी म्हणाली.

"छे," गृहस्थ म्हणाले, "जागेवर बसून वाट बघण्यापेक्षा बरं आहे. इथे निदान कशाने मेलो ते कळतं."

मी वहीत मरणाचं कारण लिहिलं. ही माझी सवय. सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये प्रत्येक बिघाडाची नोंद तीन भागांत करतात: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. त्याच पद्धतीने मी उंदीर नोंदवले. दुसऱ्या दिवशी आलेखाची वही आणली आणि नकाशा काढायला घेतला, एक चौकोन म्हणजे एक पाऊल. तिसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या मजल्यावरून जिवंत खाली उतरलो, आणि मला हा खेळ काय आहे ते समजलं. लढाईला त्यात फारसं महत्त्व नाही. तो कोठीघर सांभाळण्याचा खेळ आहे. किती मशाली, किती भाकरी, किती औषध, कोणाच्या पाठीवर किती वजन. राक्षसापेक्षा भूक लवकर मारते. जास्त वजन घेतलं तर पाय जड होतात, कमी घेतलं तर परतीच्या वाटेवर काळोख होतो. मी यात चांगली होते. कुठल्या तरी गोष्टीत मी चांगली आहे असं त्या महिन्यांत मला क्वचितच वाटत होतं, म्हणून ते इथे नोंदवते.

तरीही ते भुयार मला घरापर्यंत सोबत करायचं. भीती भुतांची वाटत नव्हती. वाटायची ती त्या बंद दारांची. दारामागे काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नसे, आणि दार उघडणारा नेहमी ढालवाला असे.

एका दुपारी अशाच एका दारापुढे उभे असताना अमरावतीकर म्हणाला, "ताई, थांबा. माह्याजवळची औषधं आधी तुम्ही घेऊन घ्या. मशालीही. मी मेलो तं सारं माह्यासंगंच जाईल."

"आपण मेलात तर कळवा," गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आम्ही जेवून घेऊ."

पण सूचना बिनतोड होती. खेळात मेलेल्याचं सामान त्याच्याबरोबर नाहीसं होत असे. आधीच्या दोन खेपांत आमची निम्मी औषधं तशीच गेली होती. मी ते वहीत नियम म्हणून लिहिलं: अनोळखी दार उघडण्याआधी पुढे जाणाऱ्याचं सामान काढून मागच्यांत वाटावं. त्यानंतर प्रत्येक दारापुढे तो न सांगता आपली पिशवी रिकामी करायचा. दार उघडायचं, कधी तो वाचायचा, कधी नाही. आम्ही तिघं मात्र बहुतेक वेळा वाचायचो.

सोमवार, १२ तारखेला आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं, चहा मागवला नाही. माझ्या टीममधून एक नाव हवं होतं, ३० तारखेपर्यंत. कागदोपत्री तो राजीनामा असेल, काढून टाकणं असणार नाही.

"आणि मी नाव दिलं नाही तर?"

"तर मी देईन. मला त्यांची कामं ठाऊक नाहीत, मी वयावरून देईन."

म्हणजे गृहस्थ, किंवा मी. मी जागेवर येऊन वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले. दहा दिवस मी ते रकाने भरत होते. हे मी प्रामाणिकपणे केलं असं तेव्हा मला वाटलं. माझा प्रश्न एकच होता: कोण गेलं तर टीमचं काम कमी अडेल. गृहस्थांना जुन्या प्रणालीची खडान्‌खडा माहिती होती, पण त्यांनी आयुष्यात एक ओळ लिहून ठेवली नव्हती. लिहा म्हटलं की म्हणायचे, "माझ्या डोक्यात आहे, तिथे वाळवी लागत नाही." ते गेले असते तर सगळं त्यांच्याबरोबर गेलं असतं. मुलीकडे नवीन साधनांचं काम होतं, ते दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. अमरावतीकर आमच्यात सर्वांत चांगला टेस्टर होता. तो माझं ऐकायचा. मी चार वर्षं सांगत आले होते, की प्रत्येक गोष्ट अशी लिहून ठेवा की उद्या तुम्ही नसलात तरी तिसऱ्या माणसाला काम पुढे नेता येईल. तिघांपैकी फक्त त्याने तसं केलं होतं. म्हणून तो जाऊ शकत होता.

हे मला तिसऱ्या रकान्याच्या शेवटी दिसलं. मी पान उलटलं नाही. आणखी दोन मुद्दे लिहिले, ग्राहकाशी फोनवर बोलताना त्याचं इंग्रजी अडखळतं वगैरे. ते खरे होते, आणि गरजेचे नव्हते.

मग मी व्यवस्थित माणसं करतात ती चूक केली. नाव द्यायच्या आधी त्याचं उरलंसुरलं काम नीट हाती घ्यायचं ठरवलं. आमच्याकडे याला केटी म्हणतात, एकाची माहिती दुसऱ्याच्या हवाली करणं. बुधवारी, २१ तारखेला मी त्याला सहज सांगितलं, "तुझ्या दोन मॉड्यूलचे कागद अद्ययावत करून घे. आणि मुलीला एकदा दाखवून ठेव. बॅकअप असलेला बरा."

"करतो ना," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी कागद माझ्याकडे आले. सत्तावीस पानं, अनुक्रमणिकेसह. एकही प्रश्न विचारायला जागा नव्हती. दुपारी आम्ही नेहमीसारखे खेळायला बसलो. तिसऱ्या मजल्यावर होतो, समोर लांब सरळ बोळ, दार कुठेच नाही. नकाशा माझ्या मांडीवर होता. पुढच्या वीस चौकोनांत तरी दार नव्हतं. त्याने थांबून आपली पिशवी उघडली आणि एकेक वस्तू माझ्या वैद्याकडे द्यायला लागला. औषधं. मशाली. भाकरी. मग ढालीखालचा खंजीर, जो त्याने कधीच दिला नव्हता.

"अरे, इथे दार नाही," मुलगी म्हणाली.

"हो का," तो म्हणाला आणि देत राहिला.

गृहस्थांना कळलं होतं असं मला वाटतं. त्यांनी डबा बंद केला आणि हात धुवायला गेले, आणि मुलीलाही बरोबर नेलं, कसलंसं निमित्त करून.

तो माझ्याकडे वळला. "ताई, दार कोणतं आहे?"

मी विचारलं, "कसलं दार?" हे माझं उत्तर मी वहीत लिहिलेलं नाही.

"मी लहान नाही जी. काल तुम्ही सामान मागितलं. हा नियम माहाच आहे."

"अजून काही नक्की नाही," मी म्हणाले.

"मंग नक्की नाही तं मागितलं काऊन?"

माझ्याकडे त्याचं उत्तर होतं. मी सांगितलं. विभागप्रमुखांनी काय म्हटलं, तीन रकाने, कागद. तो शेवटपर्यंत ऐकून घेत होता. मध्ये एकदा त्याने विचारलं, "म्हणजे मी लिहून ठेवलं नसतं तं वाचलो असतो?" मी हो म्हणाले. पडद्यावर मशाल फडफडत होती. मग तो म्हणाला, "माहा ढालवाला आता रिकामा आहे. तुम्ही पुढं न्या त्याला." आणि उठला.

३० तारखेला मी नाव दिलं. सोमवारी, २ फेब्रुवारीला त्याने राजीनाम्यावर सही केली. मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी मजकूर आधीच छापून ठेवला होता: वैयक्तिक कारणास्तव, स्वेच्छेने. मी साक्षीदार म्हणून बसले होते. त्याने पेन मागितलं, मी दिलं.

लिफ्टपाशी मी त्याला सोडायला गेले. त्याच्या खांद्याला लॅपटॉप नसलेली बॅग होती. तो म्हणाला, "ताई, एक काम करा. माह्या बाबांना पत्र लिहा. साध्या मराठीत. की यानं नोकरी सोडली नाही, याचं नाव मी दिलं. तुम्ही लिहा, तुमच्या सहीनं."

"तू सांग ना त्यांना."

"सांगितलं. त्यांना वाटते मी भांडून सोडली. पोस्टात होते ते, चाळीस वर्षं. माणसाच्या बोलण्यावर नाही, कागदावर विश्वास ठेवतात. आणि कागदावर तं स्वेच्छेनं लिहिलं आहे."

त्याने आपल्या सुबक अक्षरात त्यांचा अमरावतीचा पत्ता लिहून दिला, पिनकोडसकट. मी म्हणाले, रविवारपर्यंत पाठवते.

मनुष्यबळ विभागातल्या बाई म्हणाल्या, असं काही लिखित देऊ नका, कंपनी अडचणीत येईल. पत्र न पाठवण्याचं हे एक कारण झालं. एप्रिलमध्ये प्रकल्प पुन्हा सुरू झाला, त्या सत्तावीस पानांवर आम्ही तो वेळेत पूर्ण केला आणि मला बढती मिळाली. हे दुसरं. तिसरं कारण मला लिहिता येत नाही, म्हणजे सापडत नाही. आम्ही तिघं पुन्हा कधी खेळायला बसलो नाही. ते मशीन वर्षभराने भंगारात गेलं.

मागच्या महिन्यात येरवड्याची ती मुलगी एका लग्नात भेटली. आता ती चाळिशी ओलांडून गेली आहे, मोठ्या टीमची प्रमुख आहे. तिने सांगितलं, तो नागपुरात आहे, बरं चाललं आहे. त्याचे वडील अजून आहेत, फार थकले आहेत. "मॅम, मी गेले होते त्यांच्याकडे अमरावतीला, तोही आला होता. घरी कोणी आलं की आजही सांगतात, यानं पुण्याची चांगली नोकरी मनानं सोडली. तो काही बोलत नाही, बाजूला बसून ऐकतो."

मी विचारलं, "पत्ता तोच आहे?"

"तोच. का?"

मी का ते सांगितलं नाही. घरी आल्यावर चांगला कागद काढला, उजव्या कोपऱ्यात तारीख घातली, पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट लावलं. पहिल्या ओळीत मी कोण आणि त्यांच्या मुलाच्या किती वर्षं वर होते ते लिहिलं. दुसऱ्या ओळीत नाव कोणी दिलं ते लिहायचं आहे.