दाराला वास कसला येतो

एल्क प्रेरी गावचं चीज एकवीस वर्षं अर्लिस त्वेतच्या नाकाच्या भरवशावर विकलं गेलं. डेअरीत चाळीस पौंडांचा ठोकळा तिच्यापुढे यायचा. ती त्यात पोकळ सळई खुपसायची, आतली बोटभर कांडी काढून नाकाखालून फिरवायची आणि निकाल द्यायची. "ह्याला अजून चार महिने निजू दे." नाहीतर, "हा आजच्या आज घालवा, बिघडायला टपलाय." चव बघणं तिला कमीपणाचं वाटे. चव काय, कुणालाही कळते.

हीच बाई दर गुरुवारी संध्याकाळी लूथरन चर्चच्या तळघरात, पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून गोष्टीच्या खेळात राज्यं उभारायची आणि बुडवायची. टेबलाभोवतीचा प्रत्येकजण त्या वेळेपुरता कुणीतरी होई. कुणी चोर, कुणी मांत्रिक, तर शाळेची बस चालवणारी बर्नाडीन दाढीवाला बुटका लढवय्या. प्रत्येकानं सांगायचं, मी आता अमुक करतो; पुढे काय झालं ते अर्लिसनं सांगायचं. जमलं की फसलं, हे वीस तोंडांचा फासा ठरवी. एखाद्या फाशानं लागोपाठ तीनदा एकचं दान दिलं, तर त्याला चीजच्या रिकाम्या डब्यात घालून बाहेर बर्फात ठेवत. शिक्षा भोगून आलेला फासा सुधारतो, असा सगळ्यांचा अनुभव.

अर्लिसला सगळे पंचबाई म्हणत. तिच्या स्कारव्हेल नावाच्या मुलखाला सतरा वर्षं झाली होती, पण टेबलाशी नऊजण असायचे ते चारच उरले होते. कुणी उन्हासाठी ॲरिझोना गाठलं, कुणी नोकरीमागे मिनेसोटाला गेलं. अजून दोघं गळाली असती, तर स्कारव्हेल बसल्या जागी मिटलं असतं.

म्हणून लाईल कुबियाक दोन वर्षं झटत होता. तो तेरा वर्षांचा असताना टेबलाशी आला होता, आता विद्यापीठाच्या संगणक विभागात होता. सगळा मुलूख त्यानं तिथल्या यंत्रात घातला होता. चित्रं नाहीत, नुसते शब्द. पण टेलिफोनच्या तारेवरून कुणीही, कुठूनही आत शिरावं आणि हिंडावं.

मार्चमधल्या एका बुधवारी दुपारी तो आपलं यंत्र घेऊन अर्लिसच्या स्वयंपाकघरात आला आणि डेअरीच्या कामासाठी घेतलेल्या दुसऱ्या टेलिफोनच्या तारेला त्यानं ते जोडलं. सिंकपाशी तिचा नवरा ऑर्विल तळ्यातून आणलेले मासे साफ करत होता.

"शनिवारी स्कारव्हेल सगळ्यांना खुलं करायचं," लाईल म्हणाला. "विद्यापीठाच्या यंत्रात जागा तोवरच राखलीय. नाहीतर ती हवामानवाल्यांना मिळणार. पण पंचबाई, तुम्ही हो म्हणालात तरच."

"मी नाही म्हणाले तर?"

"तर हवामानवाले खूश."

अर्लिसनं चष्मा लावला. टेबलाशी बोलतात तसं लिहायचं होतं. ती एका बोटानं लिहीत गावात शिरली, चौक ओलांडला, विहिरीपाशी आली.

"ऑर्विल, अरे बघ, माझी विहीर. कठड्याला तडासुद्धा आहे."

"पाणी आहे का?" ऑर्विल मान वर न करता म्हणाला. "का आपल्या पंपासारखं नुसतंच गुरगुरतंय?"

तिनं लिहिलं, विहिरीचा वास घे. यंत्र उत्तरलं: हे समजलं नाही.

तिनं खानावळीचा वास घेऊन पाहिला, नावाड्याचा घेतला, जंगलाचा घेतला. समजलं नाही, समजलं नाही, समजलं नाही.

"लाईल," ती म्हणाली, "ह्याला नाक नाही रे."

लाईलचा चेहरा उतरला. अर्लिसच्या टेबलाशी वास विचारल्याशिवाय कुणी साधं दार उघडत नसे. नवखा उघडी, आत मरे, आणि पुढच्या गुरुवारी नवं पात्र होऊन येई. "बर्नाडीनच्या टिपणांच्या अकरा वह्या ओळ न् ओळ घातल्यात मी," तो म्हणाला. "त्यांत वास नव्हताच."

अर्लिसनं लगेच फोन फिरवला. "बर्नाडीन, सतरा वर्षं टिपणं काढलीस, वास कुठं गेले गं?"

"वास काय लिहायचे?" पलीकडून बर्नाडीन म्हणाली. "तू होतीस की तिथं. उद्या म्हणशील, आम्ही श्वास घेतला तेही का नाही लिहिलंस."

मग दोन दिवस अर्लिस सांगत गेली आणि लाईल घालत गेला. चारशे बारा जागा. विहीर: गंज आणि पुदिना. खानावळ: कालचा कांदा. नावाडी: ओलं कुत्रं, पण आवडतं. शुक्रवारी दुपारी एकच जागा उरली. काळ्या टेकडीचं दार, सतरा वर्षांत कुणीही न उघडलेलं.

"ह्याचा वास?" लाईलनं विचारलं.

अर्लिस चष्मा पुसू लागली.

"मला तुम्ही सांगितला होता, भिजलेली ताडपत्री आणि डिझेल. बाबांच्या दुधाच्या ट्रकला यायचा तोच. त्यानंतर मला ते दार उघडवेचना. पण बर्नाडीन म्हणते, तिला लायलॅक फुलांच्या साबणाचा आला. मग खरा कुठला?"

अर्लिसलाही ते कोडंच होतं. तिनं एकेकाला कुठला वास दिला ते आठवलं, एकेकाचा चेहरा आठवला. मग हळूच म्हणाली, "तू पहिल्यांदा आलास ना, तेव्हा तुझ्या कोटाला डिझेलचा वास येत होता."

"म्हणजे तुम्ही आमचे कोट हुंगत होता?"

"मुद्दाम नाही रे. नाक आहे, ते काम करतं."

"ती चर्चमध्येसुद्धा करते," ऑर्विल म्हणाला. "पाद्र्यानं जेवणात काय खाल्लं ते प्रवचनाआधी मला कळतं."

"पण तारेवरून कोटाचा वास येत नाही, पंचबाई. एकच काहीतरी ठरवा. सगळ्यांना तोच."

"एकच वास असेल तर ती भिंत झाली, दार नाही. मग माझं उत्तर 'नाही' समज." ती उठली, ओट्यापाशी गेली, परत आली. "हे बघ, यंत्राला हुंगता येत नाही ना, मग विचारू दे. दारानं विचारायचं: तुझ्या घरात शिरताना पहिला वास कसला येतो?"

"आणि त्याचाच त्याला द्यायचा? त्याला कळेल की."

"त्याला नाही. त्याचा पुढच्याला द्यायचा. आधी आलेल्याचा घ्यायचा, मग आपला ठेवायचा."

लाईल तिच्याकडे बघत राहिला. मग खाली मान घालून लिहू लागला. सुरुवातीला म्हणून त्यानं स्वतःचं डिझेल दारात ठेवलं, आणि अर्लिस म्हणाली, "हो."

रविवारी चर्चहून आल्यावर कोटही न काढता ती लाईल ठेवून गेलेल्या यंत्रापुढे बसली. चौकात अनोळखी माणसं होती. विहिरीपाशी कुणीतरी पुदिना कुठाय म्हणून शोधत होतं. ॲरिझोनाला गेलेला चोर खानावळीत बसून कांद्याला नावं ठेवत होता. ती त्याच्याशी दोन शब्द बोलली आणि टेकडी चढून दारापाशी आली. तिनं लिहिलं, दाराचा वास घे.

डांबर, ओली लोकर आणि करपलेली कॉफी.

तिनं लाईलला फोन लावला. "हे कुणाचं रे?"

"नाव नाही ठेवलं. फिनलंडमधून कुणीतरी."

"घरात डांबर? छताचं, का होडीचं? का त्यांच्या वाफेच्या खोलीचं, सौनाचं?"

"मला काय माहीत? विचारा भेटला की."

पडद्यावर दार तिच्या उत्तरासाठी थांबलं होतं.

"मासे लिही," ऑर्विल म्हणाला.

तिनं क्षणभर विचार केला. एका बोटानं लिहिलं: मासे, आणि विरजण घालायच्या आधीचं कोमट दूध. मग दार न उघडताच ती टेकडी उतरली आणि चौकात भेटेल त्याला विचारू लागली, तुमच्यात डांबराच्या घरात कोण राहतं?