ऐकतोय, लिनिएर्समधून

लिनिएर्सच्या बाजारात इलारिया कोल्केला सगळे मावशी म्हणतात. तिचं दुकान माझ्या दुकानाला लागून. मी मिरच्या-मसाले विकते, ती गोठवून वाळवलेले काळे बटाटे, सुके दाणे आणि मक्याचे नाना प्रकार. बोलिव्हिया सोडून ब्युनोस आयर्सला येऊन तिचा जन्म गेला, पण इथल्या थंडीला ती अजून थंडी म्हणत नाही. ‘ही नुसती ओल आहे गं,’ म्हणते आणि बिनबाह्यांच्या स्वेटरवर उभी राहते.

दोन हजार चोवीसच्या जूनमधल्या त्या बुधवारी दुपारी आम्ही दोघी शेंगदाण्याचं सूप पीत बसलो होतो. तिचा फोन वाजला. बोलिव्हियातून, ला पासहून, तिचा धाकटा भाऊ सेनोन. सरकारी राजवाड्याच्या चौकाजवळ त्याचं चपला शिवायचं दुकान आहे. मावशीला कमी ऐकू येतं, म्हणून ती फोन नेहमी मोठ्या आवाजात लावते. मलाही सगळं ऐकू आलं.

“आक्का, चौकात सैन्य आलंय. आधी वाटलं कवायत असेल. आता एक चिलखती गाडी राजवाड्याच्या दाराला धडका देतेय.”

“तू कुठं आहेस?”

“दुकानात. शटर ओढून घेतलंय.”

“मागच्या गल्लीनं घरी जा.”

“मागं धूर सोडलाय गं, डोळे उघडत नाहीत.” आणि फोन तुटला.

तिनं पुन्हा लावला. लागला नाही. मग ती उठली आणि पोत्यांची तोंडं बांधायला लागली. बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

“मावशी, बस जरा,” मी म्हटलं.

“बसून काय करू?”

तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा पुतण्या रोलांदो आला. त्याचा शिवणकामाचा कारखाना आहे, चार माणसं हाताखाली. बातमी त्याला कळलेली होती. “काही नाही होत, मावशी,” तो म्हणाला. “आपले जनरल सकाळी रुसतात आणि संध्याकाळी जेवायला घरी येतात.”

“तुझा जन्म कधीचा रे?”

“अठ्ठ्याऐंशीचा.”

“मग गप बस.”

तिचं असं बोलणं कशामुळे, ते मला ठाऊक होतं. मावशी खाणवस्तीत वाढलेली. तिचे वडील, देमेत्रियो, खाणीत उतरायचे आणि वर आले की कामगार संघटनेच्या रेडिओवर बातम्या सांगायचे. ऐंशी साली लष्करानं सरकार उलथवलं, तेव्हा राजधानीतले रेडिओ बंद पडले. खाणीतले रेडिओ तेवढे एकमेकांना धरून बोलत राहिले. देमेत्रियो दिवसच्या दिवस रेडिओच्या खोलीत बसून होते. ‘बाहेरच्या देशांतले कुणी ऐकत असाल,’ ते म्हणायचे, ‘तर आमच्याबद्दल बोला.’ इलारिया तेव्हा लग्नाच्या वयाची मुलगी. वडिलांना भाकरी आणि कॉफी नेऊन द्यायची. सैन्य वस्तीत शिरलं त्या सकाळी त्यांनी तिला मागच्या दारानं बाहेर ढकललं. तिनं पळता पळता त्यांचा आवाज घराघरांतल्या रेडिओवर ऐकला, आणि मग नुसती खरखर.

देमेत्रियो काही महिन्यांनी परत आले. पुढचे दात गेलेले, उजवा हात वर जात नव्हता. कुणी मारलं, कसं मारलं, यातलं अक्षरही बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “बाहेरून कुणी काही म्हटलं का?” इलारियाला माहीत नव्हतं. वस्तीत कुणालाच माहीत नव्हतं. कुठल्या कुठल्या देशांनी निषेध केला होता, हे तिला इथं आल्यावर एका गिऱ्हाइकानं सांगितलं. तोवर वडील गेले होते.

त्या बुधवारी ती थोडा वेळ पोत्यांशी झटली आणि मग एकदम म्हणाली, “योबाना, दुकान बघ.” मी रोलांदोलाच गल्ल्यावर बसवलं आणि तिच्या मागं निघाले.

आमच्या बोलिव्हियन लोकांचा एक छोटा रेडिओ आहे, कोंबडीवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत. विल्बर नावाचा इलेक्ट्रिशियन तो चालवतो. मावशी जिना चढून वर गेली तेव्हा तो फोनवरून वाचून दाखवत होता. या देशाच्या अध्यक्षांनी निषेध केला, त्या देशानं चिंता व्यक्त केली, अमक्या संघटनेनं राज्यघटनेचा मान राखा म्हटलं. निवेदनांवर निवेदनं येत होती.

मावशीनं थोडा वेळ ऐकलं. “हे तू कुणाला सांगतोयस?”

“आपल्या लोकांना. इथल्या.”

“इथल्यांना सांगून काय करायचंय? तिकडच्यांना कळू दे ना, बाहेर कुणी बोलतंय म्हणून.”

“इंटरनेटवर तिकडंही ऐकू जातं, मावशी.”

“मग सरक.”

विल्बर बिचारा उठला. मावशीनं माइक दोन्ही हातांनी धरला, जसं कुणी भांडं धरावं. मला वाटलं, हिला रडू येणार. मग ती आयमारात बोलायला लागली, आमच्या डोंगरातल्या भाषेत, बाजारात भाव सांगते तशा आवाजात. “मी इलारिया कोल्के. लिनिएर्समधून बोलतेय. तुम्ही चौकात असाल, घरात असाल, आम्ही ऐकतोय. ब्राझीलनं निषेध केलाय. मेक्सिकोनं केलाय. चिलीनं केलाय. आता मी इथल्या माणसांची नावं सांगते.” आणि तिनं माझं नाव घेतलं. मग विल्बरचं. मग खालच्या कोंबडीवाल्याचं, तो तर पाराग्वेचा, त्याला विचारलंही नव्हतं.

खाली लोक जमले. जिन्यावरून वर येऊन आपलं नाव, आपलं गाव सांगून जायला लागले. एका म्हाताऱ्यानं तर आपल्या मेलेल्या बायकोचंही नाव लिहून दिलं. मावशीनं तेही वाचलं.

विल्बरच्या फोनवर आवाजी निरोप यायला लागले. एक निरोप एल आल्तोहून, ला पासच्या वरच्या डोंगरावरल्या शहरातून, एका बाईचा. मागं इंजिनाची घरघर. “मी बासिलिया. आम्ही मिनिबसमध्ये आहोत, खाली चौकाकडं निघालोय. ड्रायव्हरनं तुमचं लावलंय. भीती वाटतेय, थांबू नका. नावं घेत राहा.”

मावशी थांबली नाही. नावं संपली तेव्हा पहिल्यापासून पुन्हा सुरू केली.

अंधार पडायच्या सुमाराला बातमी आली की अध्यक्षांनी नवे सेनापती नेमलेत आणि सैन्य चौकातून माघारी फिरलंय. पाठोपाठ सेनोनचा फोन. डोळे सुजलेत, दुकानाचं शटर वाकलंय, बाकी ठीक. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी मात्र माइक सोडेना. “बंद करू नकोस,” विल्बरला म्हणाली. “मागच्या वेळीही मध्येच शांत झालं होतं.” शेवटी मी तिचा हात धरून तिला खाली आणलं.

दुसऱ्या दिवसापासून वेगळंच सुरू झालं. सगळं अध्यक्षांनीच ठरवून केलेलं नाटक होतं, लोकांची सहानुभूती मिळवायला, असं लोक बाजारात कुजबुजायला लागले. कोण खरं, कोण खोटं, कळेना. रविवारी जेवताना रोलांदो बोललाच, “मावशी, तुला फुकट घसा बसेपर्यंत ओरडायला लावलं त्यांनी.”

तिनं ताट बाजूला सारलं. “मी त्यांच्यासाठी ओरडले नाही,” म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. त्यानंतर महिनाभर ती त्याच्या घरी गेली नाही, आणि दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसत राहिली. एकदा मला विचारलं, “ती मिनिबसमधली बाई चौकात पोचली असेल का गं?” विल्बरनं त्या नंबरवर खूपदा फोन केला होता. कुणी उचलत नव्हतं.

ऑगस्टमध्ये मावशी भावाला भेटायला म्हणून ला पासला गेली. बासिलियाला शोधायला गेली, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. आणि ती सापडली. एल आल्तोच्या बाजारात जेली विकते. त्या दिवशी पळापळीत तिचा फोन हरवला होता, एवढंच.

ती परत आल्यावर मी विचारलं, “काय म्हणाली?”

“काय म्हणणार. चौकात गेली होती. चिलखती गाडीला दगड मारले, गुडघा फोडून घेतला. मला पोटभर खायला घातलं. आणि वर सांगते, मलाही ते नाटकच वाटतं, मावशी.”

“मग तू काय म्हणालीस?”

“विचारलं, पुन्हा झालं तर? तर म्हणे, जाईन की.”

मावशीनं पोत्याचं तोंड सोडलं, बटाटे हातानं वरखाली केले. तिला या उत्तराचं समाधान वाटलं की संताप आला, हे तिलाच ठरवता येत नव्हतं. पुढं कितीतरी दिवस ती मध्येच हातातलं काम थांबवायची आणि मला सांगायची, “नाटक म्हणते, आणि जाईन म्हणते. काय बाई आहे.”