रोडग्यांचे डॉट कॉम

निवृत्त झाल्यावर अमरावतीतला माणूस एक तरी प्लॉट घेतोच. माझी सारी नोकरी जमीन मोजण्यात गेली, लोकांच्या धुऱ्याबांधांवरून साखळी ओढता ओढता गुडघे गेले. स्वतःसाठी घ्यायची वेळ आली तेव्हा मी प्लॉट हवेत घेतले. म्हणजे इंटरनेटवर. त्याला डोमेन म्हणतात. वेबसाइटचं नाव, दुकानाची पाटी समजा. आधी पाटी घेतली, दुकान नंतर पाहू म्हटलं, आणि दुकानात माल काय, ते त्याच्याही नंतर.

यामागचं कारण बायको. लेकीच्या बाळंतपणासाठी ती पुण्याला गेली. जाताना म्हणाली, दोन महिने. नात पालथी पडली, रांगली, चालायला लागली, आता व्हिडिओवर मला ‘आबा’ म्हणून फोन चाटते. दोन महिने संपले नाहीत. घरात मी, आणि फ्रिजचा आवाज. ‘परत ये’ म्हणायला जीभ रेटत नव्हती. लेकीची नोकरी, लहान पोर, तिला आईची गरज आहे हे मलाही दिसत होतं. शिवाय आमच्या पिढीतल्या नवऱ्याच्या तोंडून असं वाक्य निघालं तर बायको आधी विचारते, बीपी तपासलं का.

म्हणून मी कट रचला. तिच्यावाचून चालणारच नाही असा धंदा काढायचा. रोडगे. कणकेच्या थरांवर थर देऊन वळलेले जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरावर भाजून, फोडून, तुपात बुडवलेले, आणि बाजूला वांग्याची झणझणीत भाजी. तिच्या हातचे रोडगे म्हटलं की पाहुणे न बोलावता यायचे. वेबसाइटवर मागणी घ्यायची, घरून माल पाठवायचा. मागणी आली की तिला यावंच लागेल. दोन शब्द बोलण्यापेक्षा मला वेबसाइट काढणं सोपं वाटलं, यावरून काय तो अंदाज घ्या.

आमच्या चौकात लग्नपत्रिका छापणारे भाई आता वेबसाइटही करून देतात. ते म्हणाले, “पयले नाव. वाचताच समजलं पाह्यजे, अंदर क्या मिलेगा.”

मी घरून तयारी करून गेलो होतो. ‘अस्सल वऱ्हाडी गोवरीवरचे गावरान तूप रोडगे वांगे भाजी डॉट कॉम.’

भाईंनी चष्मा काढून पुसला. “साहेब, ये नाव नाई, मेन्यू हाय. टाइप करता करता गिऱ्हाइकाचं पोट भरून जाईल.”

मग कापाकापी सुरू झाली, आणि मला बायकोला रोज फोन करायचं निमित्त मिळालं. दुपारी नात झोपली की मी फोन लावायचा. नियम ठरला: नाव मी एकदाच सांगणार, आत काय विकतात ते तिनं ओळखायचं.

“वऱ्हाडी चव,” मी म्हटलं.

“मसाला असन. नाई त लोनचं. जेवले का तुमी?”

“जेवलो. तू आधी नावाचं सांग.”

“त्याच्यात कायबी मावते. कायबी मावते म्हंजे काईच नाई.”

दुसऱ्या दिवशी ‘अमरावती रोडगे’. आता माल स्पष्ट, गावही स्पष्ट. पण तिचं माहेर अकोल्याचं, हे मी विसरलो होतो.

“अमरावतीचे रोडगे अकोल्याचा मानूस काहून घेईन? त्याले घरी भेटत नाई का?”

“मग अमरावती-अकोला रोडगे.”

“मूर्तिजापूर मार्गे बी टाका. एसटीची पाटी होऊन जाईल.”

ती हसली. तिकडे नात जागी झाली असावी, फोन घाईत ठेवला गेला. मी मात्र तेही नाव घेऊन टाकलं. तिला हसवणारं नाव दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायला मन होईना.

मग नुसतं ‘रोडगे’. तिनं ते सोसायटीच्या बाकावर बसणाऱ्या बायकांना विचारून पाहिलं. एक म्हणाली, कुणाचं आडनाव आहे का? बायकोनं निकाल कळवला, “ज्याले समजते त्याले इकत घ्याचे नाईत, ज्याले घ्याचे त्याले समजत नाई.” नावांची पारख करणाऱ्या कुठल्याही पंडितानं याहून वेगळं काय सांगितलं असतं? मी त्या दिवशी आणखी दोन नावं घेतली. भाईंनी विचारलं, “साहेब, धंदा कवा?” मी म्हटलं, नाव पक्कं झालं की. पण नाव पक्कं झालं असतं तर मी दुपारी फोन कशासाठी लावला असता?

मधे एकदा स्वतः माल काढून पाहिला. गच्चीवर तिचं घमेलं उपडं पडलेलं होतं, त्यात गोवऱ्या पेटवल्या. रोडगे वरून कोळसा, आतून पीठ. शेजारच्यांनी एक नेला, आणि दुसऱ्या दिवशी फार प्रेमानं माझी तब्येत विचारली. वास मात्र बरोबर आला होता. तोच तेवढा यायला नको होता. अंगावरचा सदरा मी दोन दिवस धुवायला टाकला नाही.

शेवटी ‘आईच्या हातचे रोडगे’वर आलो. माल कळतो, आणि करणारं माणूसही कळतं. मला वाटलं, आता जमलं.

पलीकडून ती म्हणाली, “नाव चांगलं हाय. रोडगे करन कोन?”

“तू.”

“मी त इथं हाव.”

“हो.”

“मंग?”

“मंग, तू आली तर...”

“आली तर? येकटीच?” तिचा आवाज एकदम खाली आला. “मले न्याले कोन आलं?”



लग्नानंतर ती अकोल्याला माहेरी गेली की मी न्यायला जायचो. माहेरी न्यायला भाऊ यायचा, परत न्यायला नवरा, ही रीतच होती. सासूबाई म्हणायच्या, जावई, आणखी एक दिवस राहू द्या. मी तोंडदेखला हो म्हणायचो, आणि पाणी प्यायला आत गेलो की दाराच्या मागं तिची भरलेली पिशवी दिसायची. ती माझ्याकडे न पाहता पदर सारखा करायची. वरून मी परतीच्या गाडीत कुरकुर करायचो, की एवढी शिकलेली बाई, स्वतः एसटीत बसता येत नाही का. लेकीकडे जातानाही जावईच तिला घेऊन गेले होते. न्यायला कोण येईल, याची वाट ती तिकडे पाहत होती, आणि मी इकडे चौकात नावं विकत घेत होतो.

“अवं,” मी म्हटलं, “मले करमत नाई. न्याले येऊ का?”

“त्याले इचारा लागते का,” ती म्हणाली. मग, “सैपाकाचा गॅस बंद करून येजा.”

निघायच्या दिवशी भाई भेटले. ही नावं वर्षाच्या बोलीवर मिळतात, त्यांची मुदत संपत आली होती. “रखना के छोडना?” मी म्हटलं, सगळी सोडा, ती एसटीची पाटी तेवढी राहू द्या.

बडनेरा स्टेशनात पुण्याच्या गाडीत बसलो. अकोला आलं तेव्हा सवयीनं उठून उभा राहिलो, समोरच्या बाईनं विचारलं, इथंच उतरता का? नाही म्हणून परत बसलो.

पुण्यात दार लेकीनं उघडलं. म्हणाली, “बाबा, आठवडाभर तरी राहू द्या ना आईला.” मी तोंडदेखला हो म्हटलं. नात माझ्याकडे पाहून आजीच्या खांद्यात तोंड लपवून बसली. आजीनं तिला थोपटत माझ्याकडे न पाहता पदर सारखा केला.

पाणी प्यायला आत वळलो. दाराच्या मागं तिची बॅग होती, भरलेली. वर नातीची खेळणी मांडलेली, आणि चाकांपाशी धूळ बसलेली.