भागीचा टाक

भागी सोशिक नव्हती. कृपा करून तसं लिहू नका.

काल दुपारी वाशिंदला ती गेली. संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच फोटो, तीच फुलं, तेच शब्द: प्रेमळ, सोशिक, सुगरण.

सुगरण? तिच्या हातचं पिठलं मी खाल्लंय. असो.

ज्यांना ती फक्त नव्वदी ओलांडलेली आजी म्हणून माहीत आहे, त्यांच्यासाठी ही पोस्ट. माझंही वय जवळपास तेवढंच. बोट भलत्याच अक्षरावर पडतं, चिडचिड होते. तरी लिहितो.

स्वदेशीच्या चळवळीचे दिवस होते. मिसरूड फुटलेला मी मुरबाडच्या बाजारात उभा राहून भाषणं ठोकायचो. एकदा बोलण्याच्या भरात जाहीर करून बसलो: सातवीची फायनल देईन तर स्वतः घडवलेल्या लाकडी टाकाने. नाहीतर परीक्षेलाच बसणार नाही!

टाक म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. लाकडाची दांडी, पुढे निब. शाईत बुडवायचा आणि लिहायचं.

टाळ्या पडल्या.

फायनल पास झालो तर मास्तरकी मिळणार होती. सगळं घर त्यावर डोळे लावून बसलेलं. आईने माझ्याशी बोलणंच टाकलं.

म्हणून वैशाखऱ्याला काशीकाकांकडे गेलो. काका कातारी, म्हणजे लाकूड फिरवून गोल कातणारे. लाटणी, भोवरे, पाळण्याचे खुंट करायचे. भागी त्यांची मुलगी, माझ्याहून थोडी लहान.

काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "निब कुठली रे?"

"विलायती," मी पुटपुटलो.

"मंग ती पन कातनार काय?"

भागी हातातली दोरी सोडून हसली.

तेव्हा वीज कुठली? लाकडाला दोरीचा वेढा द्यायचा. एकाने दोरी आळीपाळीने ओढायची. लाकूड एकदा आपल्याकडे फिरतं, एकदा उलटं. आपल्याकडे आलं की पटाशी, म्हणजे धारेची छिन्नी, टेकवायची, उलटं गेलं की मागे घ्यायची. टेकव, सोड. टेकव, सोड.

सोपं वाटतं ना?

मला ते "सोड" जमेना. लाकूड उलटं फिरतानाही माझी पटाशी दाबलेलीच. दांडी बारीक होत आली की कडकन मोडायची. रोज. मला शिसवीचा टाक हवा होता, भाषणात शिसव भारदस्त वाटते. काकांनी मऊ कुडा दिला. तोही मी मोडला. कुड्याचे तुकडे चुलीत गेले, त्यावर त्यांचा चहा झाला, आणि तो मलाच पाजला.

दोरी भागी ओढायची. लहानपणापासून तीच ओढायची. बाईने दोरी ओढायची, पटाशी पुरुषाने धरायची, हा रिवाज.

"पुढारी, तू बोलतोस तसाच काततोस," ती म्हणायची. "थांबतच नाय."

"मग तू करून दाखव!"

मी रागाने म्हटलं. ती हसली नाही. बापाकडे बघत राहिली.

काका म्हणाले, "बाईमानसाने पटाशीला हात लावायचा नाय."

झालं. स्वातंत्र्य, समता, जे जे वाचलं होतं ते सगळं मी त्या पडवीत उभं राहून ऐकवलं. काकांनी शांतपणे ऐकलं.

"झालं भाषन? आता बाजूला हो. उजेड अडवतोस."

परीक्षा तोंडावर आली, तेव्हा एके दिवशी काका लाकडावर चढवायची लाख आणायला शहापूरला गेले. भागी उठली. दोरी माझ्या हातात कोंबली.

"ओढ."

आणि पटाशी घेऊन बसली.

तिचाही पहिला मोडला! मला काय आनंद झाला. तिने तो तुकडा मला फेकून मारला.

"दोरी ओढतोस का म्हैस ओढतोस? एक झटका लांब, एक आखूड! मी कातू कशी?"

तेव्हा मला कळलं, दोरी ओढणं हेही शिकावं लागतं. हात सोलवटले. खांदे भरून आले. ती शिव्या घालत होती, मी ओढत होतो. हळूहळू दोरीला ताल आला.

आणि टाक झाला.

काका परतले. टाकावरून अंगठा फिरवला. "कोनी कातला?"

"मी. दोरी ह्याची."

त्यांनी टाक उजेडात धरून फिरवला. मग म्हणाले, "मान जाड ठेवलीस." कातारी कातार्‍याशी बोलतो तसं.

आणि पटाशी उचलून वर आढ्याला खोचून ठेवली. तिचा हात पोचणार नाही इतकी वर.

भागीने टाक माझ्यापुढे धरला. "घे. परीक्षेला जा."

"नाही चालणार. मी स्वतः घडवलेला म्हटलंय."

"मंग दोरी काय तुझ्या बापाने ओढली?"

मी माझे सोलवटलेले तळवे बघितले.

"इतकी वर्सं मी ओढत्ये. कोनी म्हनलं का, ही लाटनी भागीने केली? तू तरी म्हन. ओढली, म्हंजे केला."

त्याच टाकाने फायनल लिहिली. मास्तर झालो.

पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं. सासरी वाशिंदला ना कातायची दोरी, ना पटाशी. आयुष्यात एकच टाक कातला तिने. एकच! याचा संताप अजून जात नाही.

आजही कुठल्या कार्यक्रमात "स्वतःच्या हाताने टाक घडवणारे गुरुजी" अशी ओळख करून देतात. मी माईक घेऊन सांगतो, टाक भागीने कातला, मी दोरी ओढली. लोक त्याला माझा विनय समजतात आणि पुन्हा टाळ्या वाजवतात.

विनय नाही हो. माहिती आहे!

ग्रुपवरच्या मुलांनो, नातवंडांनो, एक काम करा. फोटोखालचं ते "सोशिक" काढा. तिथे लिहा: भागीरथी, कातारी.

भागी, तुला शांती वगैरे चिंतणार नाही, तुला ती कधी मानवली नाही. दोरी मी धरतो. तू पटाशी घेऊन बस.

ही माझी चिडलेली श्रद्धांजली.