फळ्यावरच्या थापा

म्हातारचळ लागलेला माणूस साधारणपणे केस काळे करतो, नाहीतर बासरी शिकायला लागतो. टाकेमास्तरांनी पन्नाशी उलटल्यावर मोटरसायकल उडवायला घेतली. रस्त्यावर नाही, मातीत. मैदानावर मुद्दाम उंचवटे रचायचे, खड्डे करायचे, वळणांवर पाणी मारून चिखल करायचा आणि त्यावरून शहाण्यासुरत्या माणसांनी गाड्या उडवत गोलगोल फिरायचं, याला मोटोक्रॉस म्हणतात. त्यात पन्नाशीवरच्यांचा वेगळा गट असतो. तरुण पोरं त्याला गुडघेदुखी गट म्हणत.

मास्तरांचा धंदा गाड्यांच्या सीटा शिवण्याचा. रस्त्याकडेला एक गाळा, दारात फाटक्या सीटांची रास, आत रेक्झिनचे गुंडाळे आणि एक जुनं जड शिलाई मशीन. फोम कापला की त्याचा चुरा भुवयांवर बसायचा आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहायचा. दुकानात सीटांना टाके घालायचे आणि रविवारी मैदानावर पडून स्वतःला घालून घ्यायचे, म्हणून ते टाकेमास्तर. मूळ नाव फक्त त्यांच्या थोरल्या भावाच्या तोंडी उरलं होतं, आणि तो भाऊ त्यांच्याशी बोलत नव्हता.

पहिल्यांदा त्यांनी गुडघ्यांवर ती प्लास्टिकची ढापणं बांधली तेव्हा बायको दारात उभी राहून पोट धरधरून हसली. "उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, हे मी लहानपणापासून ऐकत आले. बघायला आज मिळालं." पण पुढच्या रविवारी डबा घेऊन तीच मोटरसायकल वाहायच्या टेम्पोत आधी बसली. नवरा चिखलात मरणार असेल तर निदान आपल्या डोळ्यांसमोर मरू दे, असं तिचं म्हणणं.

या खेळात स्वाराला काहीही ऐकू येत नाही. म्हणून प्रत्येकाचं एक माणूस कडेला फळा धरून उभं राहतं. स्वार कितवा आहे, किती फेऱ्या उरल्या, एवढंच त्यावर लिहायचं. स्वार समोरून जातो तेवढ्या क्षणात त्यानं ते वाचायचं. मास्तरांची बायको बालवाडीत शिकवायची. तिथलाच एक लहान फळा तिनं आणला होता, आणि अक्षर तर असं टपोरं की मैदानाच्या पलीकडून वाचावं. पण तिनं नुसते आकडे लिहिले असते तर ती मास्तरांची बायको कसली?

एकदा मास्तर रेंगाळताना दिसले तेव्हा तिनं लिहिलं, "दुकानात चोर." मास्तर हेल्मेटमध्ये खदखदून हसले आणि दोघांना मागे टाकून गेले. तेव्हापासून प्रथाच पडली. "घराची किल्ली हरवली." "तुमचे सासरे आलेत, मुक्कामाला." त्याखाली पुढच्या फेरीला हमखास "खरंच!" आणि मग "शप्पथ!" मास्तर मित्रांना सांगायचे, "माझी बायको फळ्यावर जेवढ्या थापा मारते, तेवढ्या मी अख्ख्या आयुष्यात गिऱ्हाइकांना मारल्या नाहीत." हे अर्थात खोटं होतं. सीट उद्या मिळेल, हे वाक्य त्यांनी एकट्यानं हजारदा म्हटलं असेल.

तरी सगळ्यात जालीम थाप एकच. "दादा बघतायत."

दादांचं प्रकरण असं. वडील गेले तेव्हा मास्तर शाळेत होते. थोरल्या भावानं त्यांना वाढवलं, सुई कशी धरायची ते शिकवलं, आपल्या शेजारी बसवून कामाला लावलं. मास्तरांचा टाका आजही दादांचाच टाका होता. कोपऱ्यावर आला की दुहेरी, आणि गाठ आतल्या बाजूला. विशी-बाविशीत मास्तरांना या शर्यतींचं वेड लागलं. दोन शर्यतींत बरे नंबर आले, तिसरीत खांद्याचं हाड मोडलं. ते हात गळ्यात अडकवून घरी आले, तोवर दादांनी त्यांची मोटरसायकल भंगारात घातलेली होती. "मला एकच भाऊ आहे," एवढंच ते म्हणाले. खांदा सांधला, मास्तर पुन्हा मशीनवर बसले आणि दादांच्या शेजारी सीटा शिवता शिवता त्यांचे केस पांढरे झाले. दादांना वाटलं, पोरगं विसरलं. पोरगं काही विसरलं नव्हतं. राग लोणच्यासारखा मुरत होता.

मग एक गिऱ्हाईक चिखलानं माखलेली गाडी घेऊन आलं. सीट बदलायची होती. बोलता बोलता पन्नाशीवरच्या गटाचा विषय निघाला आणि महिनाभरात मास्तरांनी एक जुनी गाडी मिळवली. दादांनी ती दुकानामागे पाहिली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "म्हातारचळ लागलाय."

मास्तर उठले. तीस वर्षं गिळलेलं एका दमात बाहेर आलं. "गाडी नव्हती घातलीत तुम्ही भंगारात. माझं आयुष्य घातलंत."

दादांच्या हातात कात्री होती. त्यांनी ती खाली ठेवली आणि रेक्झिनची घडी घालायला लागले. घडी चुकली, तर पुन्हा घातली. मास्तरांनी आपलं मशीन उचललं आणि बाहेर पडले. नवीन गाळा दुसऱ्या टोकाला घेतला. दोघांनी एकमेकांकडे जाणं सोडलं. बायका आपसात फोनवर बोलायच्या, पण पुरुषांनी कानाला खडा लावलेला. मास्तरांना ते वाक्य अनेकदा परत घ्यावंसं वाटलं. पण ते वाटणं रविवारी मैदानावर विरून जायचं, आणि सोमवारी वाटायचं, पहिला नंबर काढू, चषक घेऊनच जाऊ दादांकडे. समोर ठेवू आणि म्हणू, बघा, भंगारातून काय निघालं ते. माफी मागायची तीही चषक दाखवून, अशी ही तऱ्हा. पहिला नंबर काही येत नव्हता. तिसरा यायचा, पाचवा यायचा, बहुतेकदा पडून यायचा.

बायकोला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून मास्तर दमले की ती लिहायची, "दादा बघतायत." दादा तिथे नसत. तरी मास्तरांची मूठ पिळली जायची आणि गाडी पुढे झेपावायची.

त्या रविवारी माती उत्तम भिजली होती. सुरुवातीचं लोखंडी गेट पडलं आणि पहिल्या वळणावरच पुढचे तिघे एकमेकांत अडकून आडवे झाले. मास्तर कडेनं निघाले आणि बघतात तर पुढे कुणीच नाही. फळ्यावर भला मोठा एक. बायको दोन्ही हातांनी फळा डोक्यावर धरून नाचत होती. मागच्या गाडीचा आवाज मात्र जवळ येत होता. मास्तरांचे हात ताठरले, बोटं क्लचवर धरवेनात. अशाच वेळी ती काहीतरी लिहिणार, हे त्यांना माहीत होतं.

पुढच्या फेरीला फळ्यावर होतं, "दादांचा फोन."

मास्तर हेल्मेटमध्ये हसले. आता ही फोनवर आली! त्यांनी मूठ पिळली. त्यापुढच्या फेरीला, "खरंच! थांबा!" ती मैदानाच्या दोरीपर्यंत पुढे आली होती आणि एक हात हलवत होती. दुसऱ्या हातातला फळा वाकडा झाला होता. मास्तरांना वाटलं, आज बाई रंगात आहे. ते उंचवट्यावरून असे उडाले की कडेची पोरंसुद्धा ओरडली. त्यानंतरच्या फेऱ्यांना फळ्यावर पुन्हा नुसता एक होता. चौकड्यांचा झेंडा पडला तेव्हा मास्तर पहिले होते. आयुष्यात पहिल्यांदा.

गाडी लावून ते हात पसरून तिच्याकडे आले. ती रडत होती. आनंदानं रडतेय असं समजून त्यांनी तिच्या पाठीवर चिखलाचा पंजा उमटवला. "अहो, दादांना सकाळीच दवाखान्यात नेलंय," ती म्हणाली. "छातीत दुखत होतं. ऑपरेशनला आत नेण्याआधी त्यांनी स्वतः फोन केला होता. जाऊबाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या, तेवढ्यात."

मास्तरांनी फोन हिसकावून परत लावला. तो कुणी उचलला नाही. कुणीतरी चषक त्यांच्या हातात कोंबला. तसेच बूट आणि ढापणं घालून ते दवाखान्यात पोचले. पुसलेल्या फरशीवर त्यांच्या पावलांचा चिखल उमटत गेला आणि सफाईवाली बाई मागून ओरडत राहिली. वहिनी एका बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली, त्यात सगळं आलं. दादा ऑपरेशनच्या टेबलावरच गेले होते.

चषक टेम्पोतच राहिला होता. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तो काढून पाहिला. पिवळा पत्रा, वर दोन कान. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, ही म्हण त्यांनी गिऱ्हाइकांना कितीदा ऐकवली होती. त्यांना हसू आलं नाही.

मास्तर जेवेनात, बोलेनात. दुकान उघडायचे आणि मशीनवर हात ठेवून बसायचे. बायकोशी भांडले असते तरी बरं झालं असतं. पण भांडणार कशावरून? थापांवर सगळ्यात जास्त हसलेले तेच होते. शेवटी एका संध्याकाळी चहाचा कप पुढे करत बायको म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं राहिलं. दादांनी विचारलं होतं, तो कुठेय म्हणून. मी म्हटलं, शर्यतीत. म्हणाले, कितवा आहे? मी म्हटलं, पहिला. तर म्हणाले, मग राहू दे. थांबवू नको त्याला."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा मोकळे रडले. त्या रात्री ते पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी दुकानात एक सीट पूर्ण शिवली, कोपऱ्यावर दुहेरी टाका, गाठ आत. शिवताना ते पुटपुटत होते, थांबवू नको त्याला.

पण तो टाका घालता घालताच एक शंका आली आणि गेली नाही. दादांनी असं म्हटलं असेल? ज्या माणसानं गाडी भंगारात घातली, त्यानं? आणि सांगतंय कोण? दुकानात चोर, सासरे मुक्कामाला, खरंच, शप्पथ! विचारायला दुसरं कुणी नव्हतं. वहिनी तेव्हा खाली औषधांच्या रांगेत होत्या. मास्तर मनातल्या मनात दादांच्या आवाजात ते वाक्य म्हणून बघायचे. कधी बसायचं, कधी नाही.

पुढच्या हंगामाची पहिली शर्यत आली. मास्तर जायला तयार नव्हते. बायकोनंच डबा भरला. "दादाच म्हणाले ना, थांबवू नको," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिनं डब्याचं झाकण दोनदा लावलं.

गेट पडलं. मास्तर मधे कुठेतरी होते. पहिल्या फेरीला फळ्यावर सहा. दुसऱ्या फेरीला सहा. त्यांना दोघांना मागे टाकता आलं. तेव्हा चार. नुसता चार, सुबक आणि टपोरा. ना चोर, ना सासरे. इतक्या वर्षांत तिनं सुरुवातीपासूनच असा कोरडा फळा कधी धरला नव्हता. ती फळ्याआडून त्यांच्याकडे बघतही नव्हती, मैदानाकडे बघत होती.

पुढच्या फेरीला मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी दोरीपाशी येऊन थांबली. मागचे गुडघेदुखीवाले भर्रकन निघून गेले आणि त्यांच्या चाकांचा चिखल दोघांच्या अंगावर उडाला.

"अहो, काय झालं? गाडी बिघडली?"

मास्तरांनी इंजिन बंद केलं, चष्मा वर केला. "दादा खरंच तसं म्हणाले होते?"

तिनं पदरानं फळा पुसला. त्यावर तर लिहिलेलंच फक्त चार होतं. मग पुन्हा पुसला.

"नाही," ती म्हणाली. "ते एवढंच म्हणाले, 'त्याला दे.' मी म्हटलं, आत्ता येतील, धरा. धरून होते. तुम्ही दोनदा समोरून गेलात. मग कुणीतरी त्यांना आत घेऊन गेलं आणि फोन बंद झाला. मला वाटलं, आता बंदच झालाय, तर होऊ दे तुम्हाला पहिले. मी दोरी ओलांडून आत यायला हवं होतं हो. मी का नाही आले?"

मास्तर गाडीवरून उतरले. दोन फेऱ्या. दवाखान्याच्या खाटेवर फोन कानाला लावून दादा दोन फेऱ्या थांबले होते, आणि त्यांना पलीकडून नुसता गाड्यांचा आवाज ऐकू येत असणार. त्यातला एक आवाज मास्तरांचा होता.

"काका, कडेला व्हा! शर्यत चालू आहे!" झेंडेवाला ओरडला.

मास्तरांनी गाडी दोरीबाहेर ओढली, तिच्या हातातला फळा काढून घेतला आणि तिच्या शेजारी मातीत बसले.

"मला थांबता येत होतं," ते म्हणाले. "बघ, आत्ता थांबलोच की."